विश्लेषण : कोंबडी-बकऱ्याच्या हालांवर देखरेख कुणाची? कायदा काय सांगतो?

पोल्ट्रीच्या शेडपासून मटण-चिकनच्या दुकानापर्यंत जनावराचा प्रवास चार-पाच सरकारी यंत्रणांच्या हद्दीतून होतो. परवाना, स्वच्छता, दुर्गंधी, वाहतूक या सगळ्यांची तपासणी होते. पण त्या जनावराचे हाल होतात का, हे पाहायचे कुणी? सांगली-सातारकरांनी जवळून पाहिलेल्या एका प्रकरणातून हे समजून घेऊ.

कडकनाथ प्रकरणात काय घडले?

वाळवा तालुक्यातील इस्लामपूर येथील एका कंपनीने कडकनाथ कोंबडीपालनाची योजना आणली. पैसे भरा, पक्षी घ्या, अंडी आम्हीच चढ्या दराने विकत घेऊ, असे आश्वासन होते. सांगली, सातारा, कोल्हापूरसह अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले. 2019 मध्ये खरेदी थांबली आणि फसवणुकीच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. खाद्य परवडेना, शेडमध्ये पक्षी मरू लागले. सप्टेंबर 2019 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची महाजनादेश यात्रा सांगली जिल्ह्यात आली, तेव्हा ताफ्यावर कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकून निषेध झाला.

चर्चा झाली ती बुडालेल्या पैशांची, आणि ती रास्तच होती. मात्र उपाशी पक्ष्यांची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न कुठेच आला नाही.

मग जबाबदार कोण?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 सालचा आहे. त्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. म्हणजे कोंबडीही आलीच. कलम 3 नुसार जनावर ज्याच्या ताब्यात, त्याने त्याची काळजी घ्यायची. कलम 11 नुसार पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणारा मालक दोषी ठरतो.

ब्रॉयलरच्या करार पद्धतीत पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे असते. शेड, वीज, मजुरी शेतकऱ्याची. साधारण 40 दिवसांत पक्षी दोन किलोच्या आसपास भरतो आणि शेतकऱ्याला वजनावर ‘ग्रोइंग चार्ज’ मिळतो. कडकनाथमध्ये मात्र शेतकऱ्याने पैसे भरून पक्षी घेतले होते. त्यामुळे कायद्याचे बोट आधी त्याच्याकडेच वळते, म्हणजे जो स्वतः फसला त्याच्याकडे. खाद्य किंवा खरेदी अचानक थांबली तर पक्ष्यांचे काय करायचे, हे करारातच लिहिलेले नसेल, तर पुढची योजनाही त्याच वाटेने जाऊ शकते.

दंड किती?

पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये! तीन वर्षांत पुन्हा गुन्हा केल्यास 25 ते 100 रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे अनेक दशकांपासून तसेच आहेत. शिवाय दुचाकीला उलट्या टांगलेल्या कोंबड्या, टेम्पोत कोंबलेल्या शेळ्या-मेंढ्या असे बहुतेक प्रकार दखलपात्र गुन्ह्यांत मोडत नाहीत. म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. दंड वाढवणारा मसुदा केंद्राने नोव्हेंबर 2022 मध्ये हरकतींसाठी खुला केला होता.

पिंजऱ्यात जागा किती?

सांगली जिल्ह्यातील विटा परिसर अंड्यांच्या पोल्ट्रीसाठी ओळखला जातो. लेअर कोंबड्यांच्या प्रचलित पिंजऱ्यात एका पक्ष्याला साधारण 450 चौरस सेंटीमीटर जागा मिळते. ए-4 कागद 623 चौरस सेंटीमीटरचा असतो. म्हणजे त्याच्या पाऊण भागाहूनही कमी जागेत कोंबडीचे आयुष्य जाते. पंख पसरणे शक्यच नसते. विधी आयोगाने जुलै 2017 मधील 269 व्या अहवालात यावर बोट ठेवले. युरोपीय संघाने असे साधे पिंजरे जानेवारी 2012 पासून बंद केले आहेत.

कत्तलखान्याचे नियम काय?

2001 च्या नियमांनुसार जनावराला कत्तलीपूर्वी 24 तास विश्रांती द्यायची, दुसऱ्या जनावरासमोर कत्तल करायची नाही, गाभण जनावर कापायचे नाही. एका पशुवैद्यकाने तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरे तपासायची नाहीत. पण हे नियम दिवसाला 10 किंवा अधिक जनावरे कापणाऱ्या परवानाधारक कत्तलखान्यांना लागू आहेत. दिवसाला 50 पर्यंत कोंबड्या कापणाऱ्या गल्लीतल्या दुकानाला अन्नसुरक्षा नियमांखाली नुसती नोंदणी पुरते.

देखरेख विखुरली कशी?

आजार आणि लसीकरण पशुसंवर्धन विभागाकडे, दुकान अन्न व औषध प्रशासनाकडे, कत्तलखाना पालिकेकडे, गाडी आरटीओकडे, दुर्गंधी आणि सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. जनावराचे हाल रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटी असावी, असा नियमही 2001 चाच आहे. मात्र इतर यंत्रणांनी तिला सोबत घेतले नाही, तर ती कागदावरच राहते.

मांसाहार करणाऱ्यांचा काय संबंध?

थेट आहे. दाटीवाटीच्या शेडमध्ये आजार पटकन पसरतो, मग अँटिबायोटिकचा वापर वाढतो. माणसासाठी शेवटचा उपाय असलेले कॉलिस्टिन हे औषध पोल्ट्रीत वापरले जात होते. केंद्राने जुलै 2019 मध्ये त्यावर बंदी घातली.

काय करता येईल?

नव्या कायद्याची वाट न पाहता तीन गोष्टी जिल्हा पातळीवरच शक्य आहेत. अन्न व औषध प्रशासन, पशुसंवर्धन आणि पालिकेने संयुक्त तपासणी करावी आणि तिच्या अर्जात जनावराच्या स्थितीचा रकाना असावा. पोल्ट्री करारात आणीबाणीच्या खाद्याची जबाबदारी कंपनीवर लिहिलेली असावी. जिल्हा सोसायटीच्या बैठका वेळेवर व्हाव्यात, त्यांचे इतिवृत्त लोकांना पाहता यावे. यातून कुणाचे ताट रिकामे होणार नाही. उलट, शेड सांभाळणारा शेतकरी आणि शेडमधला पक्षी या दोघांच्या उपासमारीचा जाब विचारायला एक जागा तयार होईल.