आठवड्याचे १६८ तास

साताऱ्यात एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर एक जाहिरात चिकटवलेली होती: ‘ऑटिझम, उशिरा बोलणे, चंचलपणा यांवर खात्रीशीर इलाज’. खाली नुसता मोबाईल नंबर. डॉक्टरचं नाव नाही, पदवी नाही. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा मेंदूच्या जडणघडणीतलाच फरक आहे. तो आयुष्यभर सोबत राहतो आणि कुठल्याही औषधाने जात नाही. स्टेम सेल उपचाराच्या नावाखाली लाखो रुपये उकळणाऱ्यांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये बजावलं, की ऑटिझमवर हा उपचार देऊ नये आणि त्याची जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. तरी भिंतीवर ‘खात्रीशीर’ हा शब्द आहेच. ज्यांच्याकडे अशी खात्री नाही ते थेरपिस्ट दिवसभर काय करतात, हे बघायला मी सातारा आणि सांगलीतल्या छोट्या केंद्रांमध्ये जाऊन बसले. तिथल्या कुणाचंच नाव इथे देत नाही.

साताऱ्याचं केंद्र म्हणजे पहिल्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. एका खोलीत झोका, मोठा चेंडू, डाळीने भरलेली परात. दुसरीत फक्त सतरंजी. सतरंजीवर स्पीच थेरपिस्ट मांडी घालून बसल्या होत्या आणि समोर चार वर्षांचा मुलगा. त्यांनी साबणाचे फुगे उडवले. मुलगा हसला, टाचा उचलून नाचला, दोन्ही पंजे भराभर हलवले. मग मॅडमनी बाटलीचं झाकण गच्च पिळून लावलं, बाटली त्याच्या हातात दिली आणि त्या गप्प बसल्या.

त्याने झाकण ओढून पाहिलं, दातांनी चावलं, बाटली फेकली, पुन्हा जाऊन उचलली. कोपऱ्यातून आईला राहवेना. “दे म्हण की रं, दे म्हण.” मॅडमनी तिच्याकडे न बघताच हाताने ‘थांबा’ अशी खूण केली. खोलीत पंखा तेवढा फिरत होता. माझ्याच तोंडात दोनदा शब्द आला आणि मी तो गिळला. बऱ्याच वेळाने मुलगा आला, बाटली त्यांच्या मांडीत ठेवली आणि मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. क्षणभरच. “उघडू? उघडू या!” म्हणत त्यांनी झाकण काढलं आणि खोलीभर फुगे झाले.

मुलगा एक अक्षर बोलला नव्हता. पण महिन्यापूर्वीपर्यंत काही हवं असलं की तो मोठ्या माणसाचं मनगट धरून त्या वस्तूकडे ओढायचा, माणसाकडे बघायचा नाही. समोर एक माणूस आहे, त्याला काही सांगता येतं, ही समज आधी यावी लागते. शब्द त्यानंतर येतात, काहींना येतही नाहीत. मग चित्रांचे कार्ड, खुणा, टॅबलेट यांवर बोलणं उभं करायचं. ते दोन-तीन मिनिटांचं थांबणं माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य मला तेच वाटतं.

“आठवड्याचे तास किती? १६८,” मॅडम रजिस्टरमध्ये लिहिता लिहिता म्हणाल्या. “त्यातला माझा एक. बाकीचे ह्या ताईंचे.”

त्या ताई पाटण तालुक्यातल्या. दोन एसट्या बदलून येतात, त्या दिवसाची मजुरी बुडते. तासाभराच्या थेरपीसाठी अख्खा दिवस जातो. म्हणून मॅडम शेवटची पंधरा मिनिटं आईलाच शिकवतात. “भाकरी थापताना त्याला पिठाचा गोळा देता ना? सगळा एकदम देऊ नका. तुकडा तुकडा द्या. दर वेळी थांबा, मनात दहा मोजा. त्याने बघितलं, हात पुढे केला, की लगेच द्या.” ताईंनी मनातल्या मनात उजळणी केली, ओठ हलताना दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी जो अभ्यासक्रम बांधला आहे, नऊ गटबैठका आणि तीन घरभेटींचा, त्याचा गाभाही हाच: रोजच्या कामातच मुलाशी संवादाची जागा शोधायची.

ऑटिझमच्या तपासणीची पद्धत ठरलेली आहे. आयसा नावाच्या भारतीय मोजपट्टीवर ४० मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम नाही, ७० पासून पुढे सौम्य, मध्यम, तीव्र. अपंगत्वाच्या १९९५ च्या कायद्यात ऑटिझमला स्वतंत्र जागाच नव्हती, ती २०१६ च्या कायद्याने दिली. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की निरामय योजनेतून वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमाकवच मिळतं. पाटणच्या ताईंना हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

सांगलीच्या केंद्रात आधी हळदीचा वास आला. मार्केट यार्डाकडून वाऱ्यावर येत असेल असं वाटलं, पण तो आतल्याच एका डब्यातून येत होता. डब्यात हळकुंडं, लिंबाची साल, चंदनाचा साबण. तिथला पाच वर्षांचा एक मुलगा प्रत्येक वस्तू आधी हुंगतो, मगच हातात धरतो. घरी त्यावरून मार खाल्लेला. ऑक्युपेशनल थेरपिस्टने त्याचं हुंगणं बंद करण्याऐवजी तिथूनच सुरुवात केली: एक हळकुंड तू हुंग, एक मी हुंगते, आता तुझी पाळी. पाळी म्हणजे काय हे त्याला तिथे कळलं.

हा मुलगा विट्याकडचा, गलाई व्यवसायातल्या घरातला. सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी खानापूर-आटपाडीची माणसं देशभर पांगलेली असतात. याच्या वडिलांचं दुकान तमिळनाडूत. घरात मराठी, गल्लीत तमिळ, मोबाईलवर इंग्रजी बडबडगीतं. त्यामुळे तीन वर्षं सगळे म्हणत राहिले, पोरगं भाषांमध्ये गोंधळलंय. अनेक भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही. इंग्रजी गाणं तो अथपासून इतिपर्यंत म्हणायचा आणि तहान लागली की रडायचा, खूण खरी ती होती. “ह्याचा बाप बी चार वर्साचा झाल्यावर बोलला,” आजी म्हणाल्या. थेरपिस्ट शांतपणे म्हणाली, “आजी, तसंही असू शकतं. पण तोवर आपण खेळायला काय हरकत आहे?”

सगळीकडे असं चालत नाही. डोळ्यांत बघायची सक्ती, हात हलवले की चापट, तासभर खुर्चीत डांबून ठेवणं, हेही ‘थेरपी’ म्हणून विकलं जातं. मोठे झालेले अनेक स्वमग्न लोक आज सांगतात, की ‘नॉर्मल’ दिसण्याच्या त्या कवायतीने आम्हाला चिंता आणि नैराश्य दिलं. त्यांचं म्हणणं मला पटतं.

सांगलीतच इंजिनिअरिंगचा एक स्वमग्न विद्यार्थी समुपदेशनाला येतो. ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. समुपदेशक त्याला त्रासाचा आकडा विचारतात, शून्य ते दहा. मेसमधल्या ताटांचा आवाज नऊ, परीक्षा चार. त्याच्या संमतीने वॉर्डनशी बोलून अर्धा तास आधी जेवायची सोय झाली, तेव्हा झोप परत आली.

आणि आयांचं काय? १६८ तासांचा भार जिच्यावर, तिला सासर ‘तुझ्यामुळंच’ म्हणून ऐकवतं, अंगारे-धुपारे होतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था आणि तिचे मानसमित्र याच कोंडीत काम करतात. गावातलीच प्रशिक्षित माणसं मन लावून ऐकून घेतात आणि गरज असेल तिथे डॉक्टरांपर्यंत पोचवतात. अशी माणसं प्रत्येक गावात हवीत.

माझी मागणी मात्र सरकारकडे आहे. पाटण, जत, माण, आटपाडी इथल्या सरकारी रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस तरी थेरपिस्ट बसवा. आईचा दिवस एसटीत जाता कामा नये.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. वर्षाचं मूल हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं झालं तरी बोटाने काही दाखवत नसेल, तर ‘बोलेल सावकाश’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांना दाखवा आणि सिव्हिलमधल्या तपासणीची चिठ्ठी मागून घ्या. आईला झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर लावून द्या. फोन मोफत आहे आणि पलीकडे मराठीत बोलतात.