एक्स-रे लेझरची चमक किती वेळ टिकते, हे मोजतात कसं?

वाळूज एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटर हाताशी असतोच. साध्या मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट 0.01 मिलिमीटर. एवढं अंतर कापायला प्रकाशाला साधारण 33 फेम्टोसेकंद लागतात. (सेकंदाचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा कोटी. तो एक फेम्टोसेकंद.) एक्स-रे लेझरची चमक यापेक्षाही छोटी असू शकते. म्हणजे अख्खी चमक मायक्रोमीटरच्या एका रेघेत मावेल!

इतकी छोटी कशाला हवी? हा एक्स-रे एवढा तीव्र असतो की ज्या प्रथिनाचं चित्र घ्यायचं, त्याच्याच चिंधड्या उडतात. चित्र त्याआधी निघालं पाहिजे. चमक लांबली, तर प्रथिनाऐवजी त्याची मोडतोड टिपली जाते. त्यात प्रत्येक चमक वेगळी, कारण नेहमीच्या पद्धतीत ती इलेक्ट्रॉनांच्या झोतातल्या बेभरवशाच्या चढउतारांतून तयार होते. लॉटमधला एक नग तपासून सगळा माल पास करावा, तसं इथे चालत नाही.

इलेक्ट्रॉनिक सेन्सर या कामाला फारच संथ. मग कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेतल्या एलसीएलएस लेझरवर शास्त्रज्ञांनी वेगळंच घड्याळ वापरलं. तो प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. एक्स-रेची चमक निऑन वायूवर पडली, की अणूंतून इलेक्ट्रॉन उडतात. त्याच जागी एक इन्फ्रारेड लेझरही सोडलेला असतो. त्याचं विद्युत क्षेत्र घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरतं. इलेक्ट्रॉन सुटला तेव्हा काटा कुठे होता, त्यावर त्याला बसणाऱ्या धक्क्याची दिशा ठरते. भोवती गोलाकार मांडलेले 16 डिटेक्टर ती दिशा टिपतात. चमक छोटी असेल तर सगळ्या इलेक्ट्रॉनांना जवळपास एकाच बाजूला धक्का बसतो, लांब असेल तर धक्के वेगवेगळ्या दिशांना विखुरतात. वेळ मोजायची होती, मोजला कोन.

गंमत म्हणजे या इन्फ्रारेडची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन होती, म्हणजे जवळजवळ मायक्रोमीटरची तीच एक रेघ. त्यामुळे काट्याची फेरी साधारण 35 फेम्टोसेकंदांची, आणि एक अंश म्हणजे फेम्टोसेकंदाचा जेमतेम दहावा भाग.

चमक एका फेरीहून लांब असेल, तर कुठला इलेक्ट्रॉन कितव्या फेरीतला हे कळेनासं होतं. तिथे संथ काटा लागतो. उलट 2020 मध्ये त्याच लेझरवरच्या एका फेम्टोसेकंदाहून छोट्या चमका मोजताना बराच वेगवान काटा वापरावा लागला.