वस्तीतलं कुत्रं, दारातली लेकरं

"ताई, ज्या समाजाला कुत्र्या-मांजरापेक्षा खालचं धरलं, त्याच समाजाला तुम्ही आता कुत्री सांभाळायला सांगता?" नांदेडच्या एका वस्तीत आरोग्याची बैठक घेत होते, तेव्हा एका आजोबांनी सगळ्यांसमोर विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्यालाच उत्तर देते. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना, कुत्र्यांना पाणी चालत होतं आणि आपल्या माणसांना चालत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले ते याचसाठी. पण हा नियम कुत्र्याने केला नव्हता, माणसांनी केला होता. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेला बाबासाहेबांच्या कुटुंबाचा फोटो आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. यशवंत, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंद. आज घरी गेल्यावर तो नीट बघा. त्यात टॉबी नावाचा कुत्राही आहे, बाबासाहेबांचा लाडका.

आजोबा हसले, पण एवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. माझंही होत नाही. मैत्री आणि करुणा आपल्या धम्मात आहेच, सम्राट अशोकाने माणसांच्या जोडीने जनावरांच्याही औषधपाण्याची सोय केल्याचं दुसऱ्या शिलालेखात कोरलेलं आहे. तरी मी हा विषय घेऊन आले ती रेबीजमुळे.

सरकारी दवाखान्यात इंजेक्शनच्या खोलीत मी बरीच वर्षं काढली. कुत्रं चावून आलेल्यांच्या रांगेत बंगल्यातली माणसं क्वचित दिसायची. पहाटे पाचला झाडू घेऊन निघालेली सफाई कामगार बाई, भंगार वेचणारा पोरगा, रात्रपाळी करून पायी परतणारा मजूर, आणि गल्लीत खेळणारी लेकरं, हीच माणसं असायची. घरात अंगण नाही म्हणून लेकरू गल्लीत खेळतं, आणि कचऱ्याची गाडी वेळेवर येत नाही म्हणून कुत्रीही त्याच गल्लीत जमतात. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२४ या एका वर्षात देशात ३७ लाखांहून जास्त लोकांना कुत्रे चावले. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. पण चावल्याबरोबर उपचार केले तर तो आजार पूर्ण टळतो. एकाच आजारात या दोन्ही गोष्टी आहेत, आणि मधली सगळी जागा माहितीची आहे.

कुत्री मारून किंवा गाडीत भरून दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडून हा प्रश्न सुटत नाही. जागा रिकामी झाली की नवी कुत्री येतात आणि त्यांना लस दिलेली नसते. आपल्या शेजारच्या गोव्याने दुसरी वाट धरली. तिथे मिशन रेबीज आणि राज्य सरकारने गल्लोगल्ली फिरून, वर्षानुवर्षं, दहातल्या सातेक कुत्र्यांना लस टोचली. २०१८ पासून पुढची काही वर्षं गोव्यात रेबीजने एकही माणूस गेला नाही, आणि २०२१ मध्ये ते रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. गोव्यातली कुत्री आपल्याकडच्यापेक्षा काही वेगळी नाहीत.

आपल्या देशाचा नियमही हाच आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी करायची, लस द्यायची आणि त्याला त्याच्याच भागात परत सोडायचं. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात तेच कायम ठेवलं. रेबीज झालेली, रेबीजची शंका असलेली आणि आक्रमक कुत्री तेवढी परत सोडायची नाहीत. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. मोठ्या शहरांतही निवारे पुरत नाहीत, तिथे आपलं काय सांगावं. आणि निवारा असला तरी आईविना पिल्लू, गाडीखाली पाय मोडलेलं कुत्रं, ऑपरेशनचे टाके ओले असलेली कुत्री, यांना गर्दीच्या पिंजऱ्यात ठेवलं की एकाचा आजार दहांना लागतो.

म्हणून काही घरं हवी आहेत. कुत्रं कायमचं पाळायचं नाही, पंधरा दिवस ते दोन महिने सांभाळायचं. टाके भरले, लस झाली की ते आपल्या गल्लीत परत जाईल किंवा दत्तक घेणाऱ्या घरी जाईल. दत्तक घेणं वेगळं, त्यात ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी कायमची येते. तात्पुरत्या सांभाळात तसं नाही. शहरातले प्राणिप्रेमी याला 'फॉस्टर' म्हणतात आणि त्यासाठी फ्लॅट, बाल्कनी असलेली माणसं शोधतात. माझं मत वेगळं आहे. आपल्या वस्तीत दिवसभर कोणी ना कोणी घरी असतं, दार उघडं असतं, आणि कुत्र्याच्या अंगाची भाषा कळणारी माणसं इथेच जास्त आहेत. एक कोपरा, एक गोणपाट, पाण्याचं एक भांडं, एवढ्यावर काम होतं.

तरीही काही घरांनी नाही म्हणावं. रांगतं लेकरू असेल, घरात कॅन्सरची केमो चालू असलेलं किंवा किडनी बदललेलं माणूस असेल, तर कुत्रं आणू नका. घरमालकाला आणि शेजाऱ्यांना आधी विचारा, नाहीतर आठ दिवसांत भांडण होईल. आणि एक गोष्ट पुरुषांसाठी. कुत्रं तुम्ही हौसेने आणाल आणि त्याची घाण बाईने काढायची, हे चालणार नाही. पाणी भरणं, स्वयंपाक, धुणं तिच्याकडे आहेच. घाण काढायला कोण आणि दवाखान्यात न्यायला कोण, हे कुत्रं दारात यायच्या आधी ठरवा.

सांभाळणाऱ्या माणसाने स्वतःची लस आधी घ्यावी. चावायच्या आधी घ्यायची रेबीजची लस असते, तिचे तीन डोस: पहिला दिवस, सातवा दिवस आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा दिवस. ती घेतलेल्या माणसाला पुढे कधी कुत्रं चावलं तर दोनच डोसवर भागतं. "पिल्लूच तर आहे" म्हणू नका. २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यात एका तरुण कबड्डीपटूने नाल्यात पडलेलं पिल्लू बाहेर काढलं. पिल्लाचा दात लागला, किरकोळ म्हणून त्याने लस घेतली नाही, आणि काही महिन्यांनी तो रेबीजने गेला. चांगलं काम करतानाच गेला.

आता अंघोळीचं. कुत्रं आणलं की पहिल्या दिवशी लोक त्याला नळाखाली धरतात. ते करू नका. ऑपरेशन झालेल्या कुत्र्याची जखम दहा-बारा दिवस कोरडी राहिली पाहिजे. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला अंघोळ घातली तर ते गारठून मरू शकतं. एरवीही आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला महिन्यातून एकदा अंघोळ पुष्कळ झाली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून जलदूत रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते दिवस आपण विसरलेलो नाही. बादलीभर पाणी कुत्र्यावर घालायला मी कोणाला सांगणार नाही. जुना कंगवा फिरवा आणि ओल्या फडक्याने अंग पुसा, त्यानेच निम्मी घाण निघते. आणि कंगवा फिरवतानाच गोचिड्या, जखमा, गाठी हाताला लागतात, हा त्याचा खरा फायदा.

अंघोळ घालायचीच तर दुपारच्या उन्हात, कोमट पाण्याने. खाली गोणपाट टाका, फरशीवर पाय घसरला की कुत्रं घाबरतं आणि घाबरलेलं कुत्रं चावतं. गळ्याला दोरी बांधून बाजेला अडकवून जाऊ नका, उडी मारली की फास बसतो. कपड्याची पावडर, फिनाईल, डेटॉल अंगावर नको. माणसाचा शाम्पूही त्याच्या कातडीला मानवत नाही. कुत्र्याचा शाम्पू नसेल तर नुसतं पाणी चालेल. कानात पाणी जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात बरं वाटेल म्हणून केस भादरू नका, त्या केसांनीच त्याची कातडी उन्हापासून वाचते.

गोचिड्यांचं जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त घात इथेच होतो. आपल्या भागात घरोघरी सोयाबीन-कापसाच्या फवारणीचं औषध पडलेलं असतं. "दोन थेंब पाण्यात टाकून चोळलं की गोचिड्या गळतात," असं लोक छातीठोक सांगतात. गोचिड्या गळतात हे खरं. पण कुत्रं अंग चाटतं, ते विष त्याच्या पोटात जातं, तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं आणि ते मरतं. चोळणाऱ्याच्या हातातूनही ते शरीरात जातं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-शेतमजूर गेले, ती औषधं याच जातीची. रॉकेल, जळकं ऑइल, डिझेल यांनीही कातडी भाजते. गोठ्यात मारायचं औषध कुत्र्याला अंदाजाने लावू नका. थोड्याच गोचिड्या असतील तर हातमोजा घालून चिमट्याने कातडीलगत पकडा, सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका, नखाने फोडू नका. खूप असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून वजनाप्रमाणे औषध घ्या. कुत्रं खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी काळपट चहासारखी झाली, तर गोचिडीचा ताप रक्तात गेला समजा आणि त्याच दिवशी न्या. लूत लागलेल्या कुत्र्याचंही असंच, घरी इंजेक्शन टोचणारा कोणी भेटला तर त्याला परत पाठवा. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्याला सरकारी दवाखाने आहेत.

घरातल्या गोळ्याही देऊ नका. ताप-दुखीची आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही आपली औषधं कुत्र्याची किडनी घालवतात, पोटात रक्तस्राव करतात. पॅरासिटामॉलही नको. कांदा-लसणाची भाजी, शिजवलेल्या कोंबडीची हाडं टाळा. भाकरी, भात, उकडलेलं अंडं, बिनतिखटाचं वरण यावर ते मजेत राहतं.

जखम धुताना, औषध लावताना तोंड बांधलेलं बरं. मुसकं नसेल तर बँडेजच्या पट्टीचं करता येतं. पट्टीची सैल गाठ नाकावरून घाला, दोन्ही टोकं हनुवटीखाली आवळा आणि कानांमागे नेऊन सुटेल अशी गाठ मारा. पाच-सात मिनिटं, त्याहून जास्त नाही. कुत्रं जीभ काढून धापत असेल किंवा त्याला उलटी होत असेल तर अजिबात बांधू नका, कुत्रं उष्णता तोंडावाटेच बाहेर टाकतं. शेपूट पायात गेली, डोळ्याचं पांढरं दिसू लागलं, अंग ताठ झालं, गुरगुरलं, की हात काढून घ्या. गुरगुरण्याबद्दल मारू नका. मार खाऊन ते गुरगुरायचं सोडतं आणि पुढच्या वेळी न सांगता चावतं. खाताना, झोपेत, पिल्लांना पाजताना त्याच्याजवळ जायचं नाही, हे लेकरांना पाठ करून द्या. सहा-सात वर्षांच्या आतलं लेकरू आणि कुत्रं यांना एकटं सोडायचं नाही, कुत्रं कितीही गरीब असलं तरी.

दात किंवा नख लागलं, किंवा तुमच्या हातावर चीर होती आणि तिथे लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही लावू नका, पट्टी बांधू नका. मग सरळ सरकारी दवाखाना; लस तिथे मोफत आहे. दंडाच्या चामडीत देतात ती ० , ३, ७ आणि २८ व्या दिवशी, चारही वेळा जावं लागतं. दोन डोसनंतर बरं वाटतंय म्हणून मजुरी बुडवायची नाही असं ठरवणारी माणसं मी पाहिली आहेत. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं सीरमही लागतं, ते डॉक्टरांकडे तोंडाने मागा. कुत्रं दहा दिवस जिवंत राहतंय का यावर नजर ठेवा, पण लस सुरू करायला त्याची वाट पाहू नका.

कुत्र्याला रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा, आणि त्यापुढे दरवर्षी. जंताचं औषधही द्या, कुत्र्याचे जंत लेकरांच्या पोटात जातात. घाण रोज उचला आणि हात साबणाने धुवा.

प्रत्येक विहारात एक वही ठेवावी असं मी सुचवते. एका पानावर पंधरा दिवस कुत्रं सांभाळू शकणाऱ्या घरांची नावं, दुसऱ्या पानावर गल्लीतली कुत्री: रंग, नर की मादी, नसबंदी झाली का, लस कधी दिली. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाचं टोक कापलेलं असतं, त्यावरून ओळखा. वर्षावासात ग्रंथवाचनाला रोज माणसं जमतात, तेव्हा ही वही फिरवा. अन्नाचा आणि औषधाचा खर्च सांभाळणाऱ्या घरावर टाकू नका, गल्लीने वाटून घ्या. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिवस; त्याच्या महिनाभर आधी महानगरपालिकेला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज द्या, लसीकरणाचं शिबिर आमच्या वस्तीत घ्या म्हणून, आणि वहीतल्या कुत्र्यांची यादी सोबत जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका.