माल खोटा, बिल खरं

मे २०१४ मध्ये ईबे या ऑनलाइन बाजारपेठेने सुमारे साडेचौदा कोटी ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितलं. हॅकर कर्मचाऱ्यांच्याच लॉगिनने आत शिरले होते.

विक्रेत्याचं खातं हाती लागलं की चोर खोटा माल मांडतो, आलेले पैसे आपल्या बँकेत वळवतो आणि शुल्क मात्र मूळ मालकाच्या कार्डावर पडू शकतं. ईमेलमध्येही शिरकाव झाला, तर तो फिल्टर लावून सूचना परस्पर कचऱ्यात पाठवतो. नुसता पासवर्ड बदलून हा फिल्टर जात नाही. तो शोधून काढावाच लागतो.

असं शुल्क लागलेल्या क्रेडिट कार्डाच्या बिलावर अमेरिकेत ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. पत्र मात्र पैसे भरण्याच्या नव्हे, तक्रारींच्या पत्त्यावरच धाडायचं. निकाल लागेपर्यंत वादातली रक्कम भरावी लागत नाही. भारतात अशा वेळी आधी बँक आणि १९३० ही हेल्पलाइन गाठावी, तीही त्याच दिवशी.