विवाहाची दोन छायाचित्रे

मुंबईत विवाह नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर गळ्यात हार घातलेली जोडपी छायाचित्रासाठी उभी राहिलेली नेहमी दिसतात. अंतरपाट नाही, मंगलाष्टके नाहीत. वऱ्हाड म्हणावे तर तीन साक्षीदार, तेही कायद्याला हवेत म्हणून आलेले. मुलीच्या घरचे कोणीच फिरकलेले नसेल, तर पुढे कधीकाळी राग निवळल्यावर आईच्या हाती पडणारा लग्नसोहळा म्हणजे ते एवढे एक छायाचित्र. मंगल कार्यालयातील छायाचित्रकाराला शेकडो चेहरे टिपायचे असतात. येथे दोनच, पण त्यांची नजर वारंवार फाटकाकडे वळते.

ती का वळते, हे आतल्या भिंतीवर दिसते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार वधूवरांना तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते व ती कार्यालयात दर्शनी जागी लावली जाते. नाव, वय, पत्ता आणि पुष्कळदा शेजारी डकवलेली दोघांची छायाचित्रे! पहिला विवाह लपवणारे महाभाग आहेतच, तेव्हा आक्षेपाची सोय हवी, हे मान्य. परंतु त्यासाठी सज्ञान मुलीचा पत्ता भिंतीवर कशाला? त्याचा लाभ उठवतात ते जातिधर्माचे स्वयंघोषित रखवालदार. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोपवली. कायद्यातील कलम मात्र बदललेले नाही. पायऱ्यांवर हसण्यापूर्वी तीस दिवस भिंतीवर काढावे लागतात.