अडीच फुटांवरून वेरूळ

२०२५च्या ऑक्टोबरात छत्रपती संभाजीनगरच्या स्टेशनाचं नाव बदललं. त्यावर लिहून झालं, भांडून झालं, ‘सीपीएसएन’ हा नवा कोडही आता अंगवळणी पडतोय. नाताळच्या सुट्ट्या लागल्या की छत्रपती संभाजीनगरच्या फलाटावर पाहुणे उतरतील, रिक्षावाले गराडा घालतील आणि ठरलेला कार्यक्रम सुरू होईल: वेरूळ, घृष्णेश्वर, भद्रा मारुती, दौलताबाद, मकबरा, पाणचक्की. सगळं एका दिवसात. आजीला ज्योतिर्लिंगाचं दर्शन हवं असतं, बाबांना फोटो हवे असतात, आईला निदान एका ठिकाणी बूड टेकायचं असतं. कडेवरच्या दोन वर्षांच्या लेकराला काय हवंय, हे मात्र कुणी विचारत नाही. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट लागत नाही. ज्याचं तिकीट नाही त्याची मोजदादही नाही, असा एकूण कारभार दिसतो.

या वयाच्या मुलाला फिरायला न्यायचं म्हणजे नेमकं काय, यावर सर्वात नेमकं बोलून ठेवलंय ते मारिया मॉन्टेसरींनी. बाई १९३९ साली मद्रासला शिक्षकांचे वर्ग घ्यायला आल्या, पुढल्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि त्यांचा मुक्काम लांबला तो लांबलाच. बालपणावरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी सव्वा वर्षाच्या एका मुलीची हकीकत सांगितली आहे. गच्चीवर फुलांचा बहर होता, पण ही पोर जमिनीकडे बघून खिदळत होती. बाई वाकून बघायला लागल्या तर काही दिसेना. मग दिसलं, विटेच्याच रंगाचा एक बारीकसा किडा तुरूतुरू पळत होता. मोठ्यांना फुलं दिसतात, मुलाला किडा दिसतो. त्यांचं दुसरं निरीक्षण चालण्याबद्दलचं आहे. आपण कुठंतरी पोचायचं म्हणून चालतो. लहान मूल चालण्यासाठी चालतं, म्हणून ते बरंच चालू शकतं. अट एकच, मोठ्यांनी त्याच्या पावलानं चालायचं.

हे परदेशी बाईंचं तत्त्वज्ञान झालं, असं कुणी म्हणेल. मग आपल्या ताराबाई मोडकांकडे बघा. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा थेट कुरणात भरवली. साधनं कसली, तर शंख-शिंपले, बिया, पानं. मूल जिथं रमलंय तिथं आपण जायचं, इतकी साधी रीत. सहलीला ती लावली, तर या शहराचा नकाशाच बदलतो.

सुरुवात वेरूळपासून करू. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, त्यामुळे सकाळी त्यांची अंगणं सावलीत असतात आणि दुपार कलली की ऊन थेट आत येतं. दगड बेसॉल्टचा, काळा, तापला की अनवाणी पायाला सोसत नाही. म्हणजे लेकरू बरोबर असेल तर सकाळीच पोचायला हवं. चौतीस लेणी बघायची हौस सोडून द्या. आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी डोंगर वरून खाली कोरत कैलास घडवला, हा चमत्कार तुमच्यासाठी. लेकराचा चमत्कार अंगणातच, जमिनीवर उभा आहे: दगडी हत्ती. दोन बाजूंना दोन, अंगानं खऱ्या हत्तीएवढे आणि सोंडा तुटलेल्या. दोन वर्षांचं मूल तिथं थांबतं आणि विचारतं, ‘शोंड कुठंय?’ रामायण-महाभारताच्या पट्टांपुढे उभा राहून गाईड काय सांगतो, त्यापेक्षा हा प्रश्न मला कमी दर्जाचा वाटत नाही. द्या उत्तर. पंधरा मिनिटं जाऊ द्या. रावण कैलास हलवतोय ते शिल्प तोवर तुम्ही पाळीपाळीनं बघून या.

दुसरं लेणं दहावं. स्थानिक लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात, कारण छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत. आत आवाज घुमतो. लेकराला बुद्धमूर्तीचं शिल्पशास्त्र कळत नाही, पण आपण ‘आ’ केलं की सगळी गुंफा ‘आ’ करते, हे मात्र झटकन कळतं. बाकीच्यांना त्रास न होईल इतपत एकदा करू द्यावं.

दौलताबाद? वर बारादरीपर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या, मध्ये वटवाघळांनी भरलेली अंधारी. मूल कडेवर घेऊन हा किल्ला चढणं म्हणजे हट्ट. चांद मिनारपर्यंत जा, वर मान करून बघा आणि परता. अजिंठा तर शंभर किलोमीटर. तिथं गाडी फर्दापूरला ठेवून बस पकडायची, मग पायऱ्या, मग चित्रांच्या लेण्यात शिरताना दर वेळी चपला काढायच्या, आणि आत चित्रं जपण्यासाठी ठेवलेला अंधुक उजेड. गंमत अशी, की अजिंठ्याच्या भिंतींवर मुलांच्याच गोष्टी आहेत: सहा सुळ्यांचा हत्ती, हंस, माकडं. पण त्या जातककथा समजायला सहा-सात वर्षांचं वय लागतं. तोवर भिंती कुठं जात नाहीत.

आता पाणचक्की. जाणती मंडळी दिवस मावळताना ही जागा दहा मिनिटांत उरकतात, आणि माझं भांडण नेमकं इथं आहे. हर्सूलच्या बाजूनं जमिनीखालच्या नहरीतून पाणी यायचं, भिंतीत वर चढायचं, उंचावरून हौदात कोसळायचं आणि त्याच जोरावर जातं फिरायचं. त्या जात्यावर बाबा शाह मुसाफिरांच्या खानकाहीतल्या फकिरांचं, वाटसरूंचं पीठ निघायचं. मोठ्या हौदाचा तळ हाच खालच्या दालनाचं छत आहे, म्हणून ते दालन उन्हाळ्यात गार. इंजिनिअर माणसाचं डोकं इथं तासभर गुंतावं. लेकराला पडणारं पाणी, हौदातले मासे आणि भलामोठा वड पुरतो. हलणारं काहीतरी असलेलं या यादीतलं हे बहुधा एकमेव ठिकाण, आणि तेच शेवटी ठेवायचं, पोर रडकुंडीला आल्यावर! संध्याकाळच्या ठिकाणांत इथं आधी या. चारनंतर निवांत बसा.

उरला मकबरा. ‘दख्खनचा ताज’ म्हणून त्याची ताजमहालाशी तुलना करून करून लोक थकत नाहीत. एक तुलना मात्र राहून जाते. ताजमहालात २०१९ साली तान्ह्या बाळांच्या आयांसाठी स्तनपान कक्ष सुरू झाला. आपल्या एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. काही चांगले, काही नुसते कुलूप लावलेले. मकबऱ्याच्या फाटकावर तर ठळक पाटीचा, आत पंखा, पाणी आणि बसायला बाक असलेला कक्ष सगळ्यात आधी हवा. कारण हा मकबरा जिचा, ती दिलरास बानू बेगम १६५७ साली वारली ती शहजादा अकबराला जन्म दिल्यावर महिनाभराच्या आत. मकबरा बांधल्याचं श्रेय ज्याला दिलं जातं तो तिचा मुलगा आझमशाह तेव्हा चार वर्षांचा होता. बाळंतीण असताना गेलेल्या आईचं हे स्मारक, आणि बाळ पाजायला आडोसा शोधणारी आई तिथं भिंतीकडे तोंड करून बसणार असेल, तर नक्षीची डागडुजी कितीही झाली तरी मला तिचं कौतुक वाटणार नाही.

२०१० साली सरकारनं या शहराला पर्यटन राजधानी जाहीर केलं. राजधानीला फार काही लागत नाही: सावलीतली बाकं, लेकराचे कपडे बदलायला एक स्वच्छ फळी, खाण्याच्या ठिकाणी बिनतिखटाचा वरणभात. हे स्टेशनाच्या पाटीहून स्वस्तात होईल.

तोवर तुमचं वेळापत्रक तुमच्या हातात आहे. सोमवारी अजिंठा बंद असतं, मंगळवारी वेरूळ. तिकिटं काढण्याआधी तेवढं बघा. दुपारी बारा ते चार लेकरू बंद असतं. ते कुठल्याही फलकावर लिहिलेलं नाही, पण ती वेळ मोडलीत तर गुलमंडीवर इमरती खायचा बेत विसरा.