विश्लेषण : जुन्या स्पोर्ट्स कारला ऑइल कूलर लावण्याआधी तेलाचे तापमान का मोजावे?

ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ‘एमजीबी’ या स्पोर्ट्स कारचे उत्पादन झाले. कूपेसारख्या आवृत्त्या धरून पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि त्यातल्या कित्येक आजही हौसेने चालवल्या जातात. भारतीय रस्त्यांवरच्या आजच्या एमजी एसयूव्हींशी या गाडीचे नाते नाव आणि बोधचिन्हापुरतेच. अशा जुन्या गाडीचे इंजिन जपण्यासाठी ऑइल कूलर हा हमखास सुचवला जाणारा उपाय. मात्र ताप न मोजता औषध दिले, तर इथेही अपाय होऊ शकतो.

तेल गरम होऊन काय बिघडते?

इंजिनमधले तेल केवळ वंगण नसते. पिस्टनची खालची बाजू आणि क्रँकशाफ्टची बेअरिंग्ज यांच्यापर्यंत रेडिएटरचे पाणी पोहोचत नाही. तिथली उष्णता तेलच वाहून नेते. साधारण ८० ते ११० अंश सेल्सिअस हे तेलासाठी योग्य तापमान. ते १२० ते १३० अंशांच्या पुढे जाऊन तिथेच राहिले, तर तेल पातळ होते, दाब घसरतो आणि तेल लवकर खराब होते. महामार्गावर किंवा रेस ट्रॅकवर बराच वेळ वेगाने गाडी चालवली की ही वेळ येते.

मूळ मीटर पुरेसे नाहीत का?

एमजीबीच्या डॅशबोर्डवर तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान दिसते, तेलाचे तापमान नाही. पाणी लवकर तापते. तेलाला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. त्यामुळे पाण्याचा काटा मध्यावर आला, तरी तेल थंडच असू शकते. शिवाय दाब कमी दिसला, तर दोष तापलेल्या तेलाचा की झिजलेल्या बेअरिंगचा, हे कळत नाही. तेल ९० अंशांवर असतानाच दाब कमी असेल, तर संशय झिजेवर, तेलाच्या पंपावर किंवा दाब नियंत्रित करणाऱ्या व्हॉल्व्हवर घ्यावा. तिथे कूलर लावून उपयोग नाही.

मीटर कसा बसवतात?

सेन्सर चेंबरच्या तळाच्या नटच्या जागी किंवा ऑइल फिल्टरजवळ बसवता येतो. तो कूलरमधून थंड होऊन येणाऱ्या तेलाच्या वाटेवर नको. नाहीतर मीटर खोटा दिलासा देईल. सेन्सर आणि मीटर एकमेकांशी जुळणारेच हवेत. अनेक सेन्सरना अर्थिंग त्यांच्या आट्यांतूनच मिळते. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळली तर काटा चुकू शकतो. बसवण्याआधी सेन्सर, मीटर आणि अर्थिंगच्या तारा जोडून सेन्सरचे टोक उकळत्या पाण्यात धरावे. काटा १०० च्या आसपास यायला हवा.

कूलर लावल्याने तोटा कसा?

एमजीबीमध्ये कूलर रेडिएटरच्या पुढे बसतो. सुरुवातीला तो पर्यायी होता, पुढे बहुतेक गाड्यांना कारखान्यातूनच मिळू लागला. थंड हवेत किंवा छोट्या फेऱ्यांत मात्र तो तेलाला तापूच देत नाही. तेल ८० अंशांखाली राहिले, तर त्यात मिसळलेले पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. त्यातून गाळ साचतो आणि झीज वाढते. म्हणूनच थर्मोस्टॅट हवा. तेल साधारण ८० अंशांपर्यंत तापेपर्यंत तो बहुतांश तेल कूलरकडे जाऊ देत नाही.

बसवताना धोका कुठे असतो?

होज पाइपमध्ये. एक पाइप फुटला तरी दाबाखालचे तेल झपाट्याने बाहेर पडते आणि बेअरिंग्ज कोरडी पडून इंजिन जाम होते. गरम सायलेन्सर पाइपवर तेल पडल्यास आगीचा धोका. पाइप पत्र्याच्या छिद्रातून जातो तिथे रबरी ग्रोमेट हवाच. जोड आवळताना दोन पाने वापरावेत, एक कूलरचा जोड धरून ठेवायला आणि दुसरा नट फिरवायला. नाहीतर कूलरचे तोंड पिळवटते. आधीचे इंजिन बेअरिंग खराब होऊन गेले असेल, तर जुना कूलर नव्या इंजिनला लावू नये. त्यात अडकलेला धातूचा चुरा धुऊनही पूर्ण निघत नाही.

काम झाल्यावर स्पार्क प्लग काढून आणि इग्निशनची जोडणी बंद ठेवून, दाबाचा काटा हलेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारावा. मग प्लग लावून इंजिन सुरू करावे आणि सर्व जोड तपासावेत. इंजिन बंद करून तेल खाली उतरू द्यावे आणि डिपस्टिक पाहून पातळी भरावी, कारण कूलर आणि पाइपमध्येही तेल मावते.

मग निर्णय कसा घ्यावा?

आधी फक्त मीटर लावावा. शहरातल्या रहदारीत, घाटात आणि महामार्गावर, विशेषतः उन्हाळ्यात, आकडे लिहून ठेवावेत. काटा ११० च्या आतच राहत असेल, तर कूलरची गरज नाही. तो वारंवार १२० ओलांडत असेल, तर थर्मोस्टॅटसह कूलर लावावा आणि त्याच रस्त्यांवर पुन्हा आकडे घ्यावेत.